एकदाच विचारणारं यंत्र

कुंदाताई लांजेकरांना राग यायला फारसं निमित्त लागत नसे. पण त्या रविवारी आलेला राग निराळा होता. नेहमीचा राग यायचा, भांडी आपटायचा आणि चहाच्या वेळेपर्यंत निघून जायचा. हा आला तो पाट मांडून बसला.

बैठकीच्या भिंतीवर हर्षदने सहलीचा आराखडा लावला होता. सदीम, वाळवंटातलं चकचकीत शहर, सहा रात्री आणि सात दिवस. कुठल्या दिवशी कुठलं कारंजं, किती वाजता वाळूच्या टेकड्या, कधी उंचावरचा झोपाळा, कुठल्या मजल्यावरून सूर्यास्त, सगळं मिनिटांसकट मांडलेलं होतं. आणि खाली उजव्या कोपऱ्यात लिहिलं होतं, प्रवासी तीन.

घरात माणसं चार होती. हर्षद, त्याची बायको तन्वी, त्यांची चौदा वर्षांची शाल्मली आणि अडुसष्ट वर्षांच्या कुंदाताई स्वतः. चिपळूण आगारात अठ्ठावीस वर्षं एसटीची कंडक्टरकी केलेल्या बाईला डोकी मोजायला कुणी शिकवायला नको.

"हर्षद, एक डोकं कमी पडतंय रे."

हर्षद लोटे गावच्या कारखान्यात पाळीचा मुख्य होता. दीडशे माणसांना हाताखाली घ्यायचा, पण आईसमोर त्याची नजर अजून जमिनीकडे जायची. "आई, मी बोलणारच होतो तुझ्याशी. तिकडे चालणं फार आहे. तुझे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? दीड महिना रोज सकाळी बहादूरशेख नाक्यापर्यंत जाऊन येत्येय मी. कशासाठी? हवा खायला?"

"आई, तुम्हालाच त्रास होईल हो," तन्वी मध्ये पडली. "आणि आम्ही नाही काही ठरवलं. पूर्वयात्रेनं काढलंय. चौघं गेलो तर समाधानांक एकसष्ट. तिघं गेलो तर अठ्ठ्याऐंशी."

"म्हणजे मी सत्तावीस मार्कांना नडत्येय."

शाल्मली बशीतल्या चिवड्यातले शेंगदाणे वेगळे करत राहिली.

"पुढच्या वर्षी नक्की नेतो तुला. छोटी सहल काढू, तुला झेपेल अशी," हर्षद म्हणाला.

पुढच्या वर्षी! कुंदाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सदीममधला चार नंबरचा मनोरा येत्या एप्रिलात पाडणार होते. बातमी आली तेव्हा त्यांनीच ती हर्षदला दाखवली होती. पुढच्या वर्षी काय वाळू बघायला जायचं?

त्या उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. पलंगाखाली भरून ठेवलेली बॅग होती. तिला त्यांनी पायाने आत ढकललं, जोरात.

पूर्वयात्रा ही काय भानगड होती, ते सांगायला हवं. हवामानाचा अंदाज बांधणाऱ्यांनी फार पूर्वी एक युक्ती शोधली होती. आजची हवा संगणकात भरायची, तिच्यात किंचित किंचित फरक करायचे आणि तीच हवा पन्नास वेळा पुढे पळवायची. पन्नासातल्या चाळीस वेळा पाऊस पडला, तर पावसाची शक्यता शंभरात ऐंशी. पूर्वयात्रा बनवणाऱ्यांनी ढगांच्या जागी माणसं घातली. मनगटातल्या पट्ट्यावरून नाडी, झोप, पावलं कळत होती. घरोघरी फडताळात बसलेला 'सोबती' नावाचा बोलका डबा औषधांची आठवण करता करता घरातलं बोलणंही ऐकत होता. एवढ्या सामग्रीतून प्रत्येक प्रवाशाचं एक प्रतिरूप उभं राहायचं. ते त्या माणसासारखं दमायचं, चिडायचं, भुकेजायचं आणि बोलायचं. सदीम शहराने आपलंही प्रतिरूप खुलं ठेवलं होतं, कुठल्या लिफ्टला किती रांग आणि कुठल्या चौकात किती सावली इथपर्यंत. मग प्रतिरूप माणसं प्रतिरूप शहरात सोडायची आणि सहल चौदा हजार वेळा घडवून आणायची. कोण कुठे वैतागलं, कोण कुठे हसलं, त्याची गोळाबेरीज म्हणजे समाधानांक. लोक आता हा आकडा बघितल्याशिवाय गणपतीपुळ्यालासुद्धा जात नसत.

आकडा सहसा चुकायचा नाही. हीच तर पंचाईत होती.

आणि चार नंबरचा मनोरा? तो कुंदाताईंच्या नवऱ्याचा, दत्ताराम लांजेकरांचा होता. कागदोपत्री कुणा शेखचा असेल. पण त्याच्या एकोणचाळीस मजल्यांत थंड हवा खेळवणाऱ्या पत्र्याच्या नळ्या कापल्या, वाकवल्या आणि छताला टांगल्या त्या दत्तारामने आणि त्याच्याबरोबरच्या साठ-सत्तर जणांनी. हर्षद सात वर्षांचा असताना तो तिकडे गेला आणि एक तप तिथेच राहिला. हवा सुरू होण्याआधी त्या मजल्यांवर काय उकाडा असतो, ते त्याने फोनवर कधी सांगितलं नाही. पाणी किती वेळाने मिळतं, तेही नाही. सांगायचा ते मनोऱ्याचं. "कुंदा, बत्तिसाव्या मजल्यावरून समुद्र दिसतो. इथं उभा राहिलो की वाटतं, सरळ रेघ मारली तर दाभोळला लागेल." पुढे तो परत आला तो दोन्ही मूत्रपिंडं वाळवून, आणि आठव्या महिन्यात गेला.

आता त्या नळ्या निकामी झाल्या होत्या. सदीमने सगळ्या शहरावर एक पांढरा पडदा ताणला होता. त्यामागचं शास्त्र सोपं आहे. प्रत्येक वस्तू उष्णता बाहेर टाकते, पण हवा ती बहुतेक अडवून धरते. फक्त काही ठरावीक लहरी तेवढ्या हवेला अडवता येत नाहीत. त्या सरळ आरपार अवकाशात जातात. हा पडदा आपली उष्णता नेमकी त्याच लहरींतून फेकत होता, आणि ऊन बरंचसं परतवत होता. विजेशिवाय, यंत्राशिवाय भर दुपारी पडद्याखाली गारवा. जुने मनोरे मग अडगळ ठरले. ज्या थंड हवेपायी माणूस गेला ती आता आकाशातून फुकट मिळत होती, हे वाचलं त्या दिवशी कुंदाताई जेवल्या नव्हत्या.

सोमवारी सकाळी दहाला त्या 'मुशाफिरी'च्या कचेरीत होत्या. बसस्थानकासमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ही सहलीची कचेरी होती. टेबलामागे तिशीतला एक गृहस्थ बसला होता, विनायक चाळके अशी पाटी.

कुंदाताईंनी चष्म्यावरून बघितलं. "तू अडऱ्याच्या चाळक्यांचा ना? शाळेचा पास संपलेला असायचा आणि खिडकीपाशी झोपायचं सोंग घ्यायचास."

चाळके उभाच राहिला. "लांजेकर मॅडम! एकदा खाली उतरवलं होतंत मला, पिंपळीला."

"आणि पुढच्या फेरीला परत घेतलं होतं, तेही सांग. बस. मला माझं ते प्रतिरूप बघायचंय."

"मॅडम, ते जरा..."

"हक्क आहे ना मला? फॉर्मच्या मागं छापलंय. वाचून आल्येय मी."

हक्क होता. चाळक्याने दार लावून घेतलं आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

कुंदाताईंनी स्वतःला बघितलं. तीच उंची, तोच अंबाडा, तीच उजव्या पायावर जोर देऊन उभं राहायची ढब. सदीममधल्या हॉटेलात, काचेच्या दालनात ती बाई सोफ्याच्या कडेवर बसली होती. पडद्यावरचा हर्षद तिच्यासमोर आला. "आई, कारंजं बघायला येतेस?"

"नको रे. तुम्ही जा. मी आहे इथं," बाई म्हणाली.

पडद्यावरचा हर्षद गेला. चाळक्याने दुसरी फेरी लावली. "आई, वाळूच्या टेकड्यांवर येतेस?" "मला म्हातारीला काय करायचंय तिथं? जा तुम्ही." तिसरी फेरी. "आई, तुला काही खायला आणू?" "नको, मला भूक नाही."

"चौदा हजारांपैकी अकरा हजार फेऱ्यांत तुम्ही सोफ्यावरच आहात, मॅडम," चाळके हळूच म्हणाला. "मग बाकीच्यांना वाईट वाटतं, मागं वळून बघत राहतात. त्यात त्यांचा समाधानांक उतरतो. आणि तुमचा तर घरी राहिलात तर जास्त येतो. तुमचंच बोलणं आहे हे. सोबतीच्या नोंदीत पाच वर्षांत दोन हजार तीनशे वेळा 'मला काही नको' आहे."

कुंदाताई त्या सोफ्यावरच्या बाईकडे बघत राहिल्या. आयुष्यात त्यांना दारुडे, फुकटे, सुट्ट्या पैशांवरून हमरीतुमरीवर येणारे, सगळे भेटले होते. पण इतका राग कुणाचा आला नव्हता. ऊठ की गं, भवाने! त्यांना ओरडावंसं वाटलं.

"तिला किती वेळा विचारतं तुमचं यंत्र?"

"म्हणजे?"

"येतेस का म्हणून. किती वेळा?"

"एकदा. उत्तर मिळालं की ते पुढं जातं."

"एकदा!" कुंदाताईंनी टेबलावर हात आपटला. चाळक्याचा चहा बशीत सांडला. "अरे, तुझ्या घरी पाहुणी आली आणि मोदकाला नको म्हणाली, तर तुझी आई काय ताट उचलते? पहिलं नको म्हणजे रीत. दुसरं नको म्हणजे समोरच्याची पारख, मनापासून वाढतोय का उरलंय म्हणून वाढतोय ते बघायचं. तिसऱ्यांदा वाढलं की गप खायचं. एवढं आपल्याकडच्या शेंबड्या पोराला कळतं. एवढं शास्त्र शिकलेल्या लोकांना कुणी सांगितलं नाही?"

चाळके बशी पुसत राहिला. "यंत्र बनवलं ते लोक निराळे, मॅडम. ते उत्तर घेतात. आग्रह करायचं त्यांनी त्याला शिकवलं नाही."

"मग शिकव. आत्ता."

असं करता येत नाही, वरून परवानगी लागते, वगैरे चाळक्याने सांगून बघितलं. पण पिंपळीच्या थांब्यावर उतरवलेला माणूस तो. शेवटी त्याने एक सोय शोधून काढली. उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न आणखी दोनदा विचारायचा, इतकाच बदल. वीस मिनिटं लागली. कुंदाताई तेवढा वेळ खिडकीतून स्थानकात लागणाऱ्या गाड्या बघत होत्या. गुहागर, दापोली, स्वारगेट. किती हजार माणसं त्यांनी आपापल्या गावी पोचवली असतील? बायका पोरं, कोंबड्या, फणस, वरातीच्या वराती. खाली उतरलं की सगळी जायची, आणि यांची गाडी परत चिपळुणात.

"झालं," चाळके म्हणाला. पण पडदा वळवला नाही.

"काय ते बोल."

"तिसऱ्यांदा विचारलं की दहापैकी नऊ वेळा तुम्ही उठता. पण मग..." त्याने पडदा वळवला.

पडद्यावरची कुंदा सोफ्यावरून उठली होती. बाहेर पडली होती. आणि कारंजं नाही, टेकड्या नाहीत, ती थेट चार नंबरच्या मनोऱ्यापाशी गेली होती. तिथे मान वर करून उभी होती. एका फेरीत तीन तास, दुसरीत साडेचार, तिसरीत अंधार पडेपर्यंत. पडद्यावरचा हर्षद बाजूला येरझाऱ्या घालत होता. तन्वी कठड्यावर बसून पाय चोळत होती. पडद्यावरची शाल्मली म्हणत होती, "बाबा, आपलं बुकिंग गेलं."

"आता बाकीच्या तिघांचा समाधानांक बावन्न येतो," चाळके म्हणाला. "आधीपेक्षा कमी."

म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं. नको म्हणाली तरी ती नडत होती, हो म्हणाली तरी नडतच होती. पडद्यावरच्या त्या वर बघणाऱ्या बाईचा मात्र त्यांना आता राग येत नव्हता.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "हे यंत्र आपणहून माणूस गाळतं का रे? चारातला एक काढून बघतो, असं?"

चाळक्याने मान खाली घातली. "नाही. तसा नियमच आहे. यंत्र स्वतःहून कुणाला गाळत नाही. 'वगळून पाहा' म्हणून बटण आहे. ते घरातल्या कुणीतरी दाबावं लागतं."

"कुणी दाबलं?"

"मॅडम, जाऊ द्या ना."

"चाळके, मी पास बघितल्याशिवाय सोडलं होतं का तुला कधी?"

त्याने नोंद काढली. "गुरुवार, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. हर्षद दत्ताराम लांजेकर."

गुरुवारी सात वाजता कुंदाताई आत त्याच्यासाठी घावणे घालत होत्या.

त्यांनी पिशवीतून पासपोर्ट काढला. पासपोर्ट दोन होते, रबर लावून एकत्र ठेवलेले. नवा, आणि कधीच मुदत संपलेला, आत एकही शिक्का नसलेला जुना. "मला एक तिकीट काढून दे. जानेवारीतलं. यांच्या तारखांच्या नंतरचं."

"सहप्रवासी?"

"कुणी नाही."

"समाधानांक काढू?"

"काढून तर बघ," कुंदाताई म्हणाल्या. चाळक्याने काढला नाही.

संध्याकाळी हर्षद कामावरून आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. कुंदाताईंनी त्याला भात वाढला, आमटी वाढली, आणि मग विचारलं. "मला यादीतून कुणी काढलं?"

"आई, कालच सांगितलं ना. यंत्राने..."

"यंत्राला पुढं करू नको! गुरुवारी सात दहाला तुझं बोट होतं बटणावर."

तन्वीचा घास हातातच राहिला. "हर्षद? तू तर मला म्हणालास, यंत्रानेच सुचवलं म्हणून."

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याची व्हायची तीच हर्षदची अवस्था झाली. पण दत्तारामचा मुलगा होता तो, आणि कुंदाताईंचाही. लाज वाटली की त्यालाही राग यायचा. "हो, मी दाबलं! बघायला म्हणून दाबलं. आणि दिवाळीत तुला विचारलं नव्हतं का? फराळाला बसलो होतो. 'आई, येतेस ना सदीमला?' काय म्हणालीस? 'मला म्हातारीला काय करायचंय तिथं.' सोबतीत आहे. ऐकवू?"

"ऐकव. आणि त्यानंतर तू दुसऱ्यांदा कधी विचारलंस, तेही ऐकव."

"चौघांचे पासपोर्ट काढले की मी!"

"तोच आग्रह समजून दीड महिना चालत्येय मी, मेल्या! आणि तू पाठीमागून माझा हिशेब लावतोस? भरल्या गाडीत मी बाळंतिणीला जागा करून दिलीय, ड्रायव्हरशेजारच्या डब्यावर आजारी म्हातारे बसवलेत. जागा असताना माणूस थांब्यावर सोडून गाडी कधी हलवली नाही. आणि माझा मुलगा आईला थांब्यावर सोडून दोनदा घंटी मारतो!"

हर्षदने ताट सरकवलं. "मला नाही बघायचा तो मनोरा! तू तिथं जाऊन उभी राहणार, हे कळायला मला यंत्र नको होतं. मी सात वर्षांचा होतो, आई. बाप म्हणजे रविवारचा फोन. वरच्या मजल्यावरून समुद्र दिसतो, वरच्या मजल्यावरून समुद्र दिसतो. बारा वर्षं तेच. त्या शहराने माझा बाप खाल्ला. मला तिथं एकदा जाऊन हसायचंय. माझ्या पोरीला तिथल्या झोपाळ्यावर बसवायचंय. तुला तिथं रडताना नाही बघवणार मला."

कुंदाताईंनी त्याला इतकं बोलताना कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. राग कमी झाला नाही, पण त्याला बसायला दुसरी जागा मिळाली.

"तुझे बाबा मला दर डिसेंबरात विचारायचे," त्या म्हणाल्या. "थंडी पडली की. 'कुंदा, पंधरा दिवस येतेस का? आता ऊन नाही.' मी म्हणायची, नको, ड्यूटी आहे, हर्षदची शाळा आहे. अकरा डिसेंबरांत अकरा वेळा विचारलं त्यांनी. मला वाटायचं, विचारतायत ना, विचारू देत. बाराव्या वर्षी मी कुणाला न सांगता पासपोर्ट काढला. यंदा विचारलं की हो म्हणायचं. डिसेंबरात फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. विचारलंच नाही. मी वाट बघत फोन धरून बसले, आणि त्यांनी ठेवला."

"तू आपणहून का नाही सांगितलंस?" हर्षदने विचारलं.

"तेच तर!" कुंदाताई ओरडल्या. कुणावर ओरडल्या ते त्यांनाच ठाऊक. "तेच तर विचारत्येय सत्तावीस वर्षं."

आमटी गार झाली होती. सरकवलेलं ताट पुढे ओढत हर्षद म्हणाला, "चल आई. चौघं जाऊ."

"नको."

"आई, खरंच. यंत्राला घाल चुलीत. चल."

"नको रे."

तो उठला, त्यांच्या खुर्चीपाशी आला आणि त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "तिसऱ्यांदा विचारतोय. चल ना."

सगळ्यांनी कुंदाताईंकडे बघितलं. रीतीप्रमाणे आता त्यांनी हो म्हणायचं होतं.

"नको," त्या म्हणाल्या.

"आजी," इतका वेळ गप्प असलेली शाल्मली म्हणाली, "हे खरं नको आहे, की तसलं?"

"खरं. जन्मातलं पहिलं खरं नको आहे, बाय. तुझ्या बाबाला तिथं हसायचंय, मला तिथं बसायचंय. दोन्ही रास्त आहे. एक गाडी दोन मार्गांनी जात नाही. माझं तिकीट मी काढलंय, तुमच्या नंतरचं." मग हर्षदकडे वळून, "पण हे मला तोंडावर सांगायचं होतंस. यंत्राच्या पदराआड लपलास, ते मी विसरायची नाही. बस. आमटी गरम करून आणते."

हर्षद खाली मान घालून जेवला.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, कुंदाताई चार नंबरच्या मनोऱ्यासमोर पोचल्या. तिघं जाऊन आली होती. झोपाळ्यावरचा फोटो भिंतीवर लागला होता, हर्षद त्यात खरोखर हसत होता. विमानतळावर सोडायला आला तेव्हा त्याने त्यांच्या बॅगेत गुडघ्याचं तेल ठेवलं, वरचेवर फोन कर म्हणाला, आणि तीनदा म्हणाला.

डोक्यावर तो पांढरा पडदा होता. ऊन दिसत होतं, लागत नव्हतं. शहर आजूबाजूने झुळझुळ वाहत होतं, आणि मधोमध तो मनोरा काचा काढून घेतलेला, कुंपण घातलेला उभा होता. एकोणचाळीस मजले. काचा गेल्यामुळे आतलं सगळं उघडं पडलं होतं. छतांना टांगलेल्या पत्र्याच्या नळ्या खालून स्पष्ट दिसत होत्या, मजल्यामागून मजला, जोडाला जोड.

कुंदाताईंनी बत्तीस मजले मोजले. दोनदा मोजले. अंगाला गार वारा लागत होता, आणि त्याचाच त्यांना इतका संताप आला की कुंपणाची जाळी मुठीत धरून त्या हलवू लागल्या. हा पडदा तेव्हा कुठे होता? एक घोट पाणी वेळेवर द्यायला कुणाचे हात मोडले होते?

कमरेइतक्या उंचीचं एक चाकांचं यंत्र सरकत त्यांच्यापाशी आलं. मनगटातल्या पट्ट्यावरून त्याला भाषा कळली असावी. स्वच्छ मराठीत ते म्हणालं, "नमस्कार. आपण बराच वेळ उभ्या आहात. बसायला खुर्ची आणू का?"

नको, राहू दे. शब्द ओठांवर आला. अडुसष्ट वर्षांची सवय ती. यंत्र एकदाच विचारतं, आणि पुढे जातं.

"हो," कुंदाताई म्हणाल्या. "आण. आणि पाणी आण. थंड."

खुर्ची आली, पाणी आलं. त्या बसल्या. तांब्याभर पाणी असावं, ते त्यांनी न थांबता संपवलं. मग पदराने तोंड पुसलं, मान वर केली आणि बत्तिसाव्या मजल्याकडे बघून, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा जुन्या आवाजात ओरडल्या,

"अहो, अकरा वेळा विचारलंत! बाराव्यांदा विचारायला काय झालं होतं तुम्हाला?"

येणारे-जाणारे दचकून बघायला लागले. शेजारचं यंत्र किंचित पुढे सरकलं.

"क्षमा करा, प्रश्न समजला नाही," ते नम्रपणे म्हणालं. "कृपया पुन्हा विचारा."

कुंदाताईंनी पुन्हा विचारलं.